नुसती भर

बहीण: तुझ्या इंजिनाचं हे तेलाचं झाकण आतून बघ. बोट फिरव. याला तेल म्हणायचं की काजळ?

भाऊ: म्हणून तर डबा आणलाय. तेलात ओतायचा, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, मग सगळं तेल सोडून नवं भरायचं. आतली घाण साफ. डब्यावर लिहिलंय.

बहीण: डब्यावर इंजिन पुन्हा तरुण होतं असंही लिहिलंय.

भाऊ: चेष्टा नको, ताई. तू स्वतः वापरतेस. परवा एका टॅक्सीत ओतत होतीस, रस्त्यावरून पाहिलं मी.

बहीण: त्या टॅक्सीचं तेल वेळच्या वेळी बदललेलं असतं. आत पातळसा थर. तो विरघळतो, तेलाबरोबर बाहेर पडतो, इंजिनाची टकटक कमी होते. तिथे औषध लागू पडतं. तुझ्या इंजिनात थर नाही, खपल्या आहेत. सुटल्या की खालच्या जाळीवर जाऊन बसणार. जाळी बुजली की पंपाला तेल नाही. मग इंजिन जागच्या जागी जाम.

भाऊ: दर वेळी बुजतेच असं थोडंच आहे?

बहीण: नाही बुजत. पुष्कळ गाड्या सुटतात. पण तुझी नाही सुटली तर? चढावर बंद पडेल, मागे सहा आजारी माणसं घेऊन.

भाऊ: त्यांच्याचसाठी जीव टांगणीला लागलाय माझा! उद्या सकाळी सातला त्यांची डायलिसिसची पाळी. त्यांच्यातल्या मास्तरांची एक पाळी चुकली होती, तर पाय इतके सुजले की चपला चढेनात. आणि हे इंजिन ऐकतेयस ना? तुला ऐकू यावं म्हणून बंद नाही केलं.

बहीण: तेल शेवटचं कधी बदललंस?

भाऊ: भर घालतो की अधूनमधून.

बहीण: भर नाही विचारली. बदललंस कधी?

भाऊ: दोन वर्षं झाली.

बहीण: दोन वर्षं! अरे, दुसरी गॅरेजं ओस पडली होती का?

भाऊ: बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं इंजिन. परक्याला उघडू देणार होतो मी?

बहीण: आणि मी?

भाऊ: तूच म्हणालीस, माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.

बहीण: ते मी तुला म्हणाले होते. गाडीला नाही.

भाऊ: मग गाडी काय एकटी येणार होती?

बहीण: तोंड वर करून बोलू नकोस. दे तो डबा इकडे... हलका का लागतोय हा? सील कुठाय?

भाऊ: ताई...

बहीण: किती ओतलंस?

भाऊ: अर्धा. दुपारी, घरीच. वाटलं, तू नाहीच म्हणशील. निदान अर्धं काम तरी झालेलं असेल.

बहीण: आणि तशीच चालवत आणलीस? तेलाचा लाल दिवा लागला होता?

भाऊ: वळणावर लुकलुकला दोनदा. आत्ताही...

बहीण: चावी फिरव! आधी चावी फिरव!

(इंजिन बंद होतं.)

भाऊ: गेलं का गं ते?

बहीण: गप्प बस जरा. तेल सुटू दे... आता हे बोल्ट काढ. तेलाचं चेंबर अलगद खाली घे. टॉर्च धर. जाळीवर धर, माझ्या तोंडावर नको.

भाऊ: सगळी काळी झालीय.

बहीण: हे एवढंसं भोक उरलंय. ही जाळी घेऊन उद्या चढापर्यंतसुद्धा पोचला नसतास.

भाऊ: त्यांना बसवून निघणार होतो मी.

बहीण: माहितेय.

भाऊ: आता त्यांना काय सांगू? पाळी गेली?

बहीण: माझी गाडी ने. तीन-तीन करून दोन खेपा मार, पहिली पाचला. त्यांना आत्ताच फोन लाव, लवकर तयार राहा म्हणावं. हे इंजिन हातानेच खरवडावं लागणार. दोन दिवस जातील.

भाऊ: तुझी गाडी मला देतेस?

बहीण: मास्तरांना देतेय.

भाऊ: ताई, बाबा असते तर आज माझ्या कानाखाली आवाज काढला असता त्यांनी.

बहीण: आधी माझ्या काढला असता.

भाऊ: तुझ्या का?

बहीण: रोज सकाळी ही गाडी माझ्या दारावरून जायची. आवाज बिघडलाय, हे मला गेल्याच वर्षी कळलं होतं.