नावं ठेवणं

बाबा : म्हणजे चावली नाही ना कुणाला? मग बोलावलंत कशाला, मावशी?

मावशी : बसा तर आधी. खुर्ची इवलीशी आहे, पण पाळणाघरात अशाच मिळायच्या. चिमी बोलायला लागली, चिमीचे बाबा.

बाबा : काय सांगता! पावणेदोन वर्षांची झाली, आम्ही कान लावून बसलोय. काय म्हणाली?

मावशी : ‘च्या’. मला वाटलं, पोरगी चहाबाज निघाली! दोन दिवस नुसती हसत होते. मग नीट ऐकलं, तर ‘छ्या’.

बाबा : अहो, हा तर माझा शब्द! कारखान्यात कापड तपासतो ना मी. दिवसभर ताग्यातले दोष काढायचे. नावं ठेवायचाच पगार घेतो म्हणा ना. जिभेवर बसलाय तो.

मावशी : घरी कशाला म्हणता?

बाबा : असं ठरवून नाही हो. इस्त्री नीट नसली, खिडकी उघडी राहिली... सहज आपलं.

मावशी : इस्त्री कोण करतं?

बाबा : चिमीची आई.

मावशी : आणि खिडकी?

बाबा : उलटतपासणी घेताय की काय! इथल्या पोरांना म्हणते का ती? दटावतो मी तिला घरी.

मावशी : पोरांना कुठे म्हणते! दूध सांडलं, खेळणं मोडलं, तरी नाही. दिवसभर चकार शब्द नाही. संध्याकाळी फाटकात आई दिसली, की दोन्ही हात पसरून धावत सुटते. ‘छ्या! छ्या!’

बाबा : आईला?

मावशी : रागाने नाही हो, लाडाने. तुम्ही नावं ठेवत होतात. तिला वाटलं, आईचं नावच ते.

(बाबा वळून दाराकडे बघतात.)

बाबा : कुणी ऐकलं?

मावशी : काल सगळ्याच आया उभ्या होत्या.

बाबा : मेल्याहून मेल्यासारखं झालं हो, मावशी. लग्नाला आठ वर्षं झाली. एकदाही उलटून बोलली नाही ती. मला वाटायचं, तिला काही वाटतच नाही... तिला कळलं नसेल, ना? मूल बोबडं बोलतंय, एवढंच वाटलं असेल?

मावशी : ते मी कसं सांगू?

बाबा : पण काही तरी म्हणाली असेल. चिमीने तशी हाक मारल्यावर काय म्हणाली ती?

मावशी : काही नाही. ओ दिली.