साखर कमी वाटली म्हणून

...आणि वर मलाच विचारतात, कोयता कशाला घेतलास म्हणून! अहो, घेईन नाही तर काय करीन? मी तसा शांत माणूस, चौलात कोणालाही विचारा, पण तुम्हाला सांगतो, ह्या सुश्रुतने, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, डोक्याचा पार भुगा केला होता. दर सुट्टीत मांडव्याला बोटीतून उतरणार तो बगलेत एकच बाटली घेऊन. कडूजहर बिअर, इंडिया पेल एल म्हणतात, दोन ग्लासांत धडधाकट माणूस भिंत धरतो, आणि मला किती देणार? वाटीत! तीर्थासारखी! वर डोळे मिटून, "भावोजी, ही चव तुमच्या वाडीत सात जन्मांत व्हायची नाही." वाटायचं, तिथेच सोललेला नारळ घालावा टाळक्यात...

पण मी तसा शांत माणूस. म्हटलं, घरी करतो, तश्शीच करतो, आणि तुझ्याच तोंडून सईसमोर वदवून घेतो. बायकोच ती, पण भावापुढे तिला नवरा दिसत नाही. मग काय, जवाचं माल्ट मागवलं, हॉप्सची फुलं मागवली, मोदकांच्या पातेल्यात रटरट उकळलं, सई नाक धरून म्हणते, "घरात काय मेलंय?", तरी मी ढवळतोच आहे. आंबवलं, निवळलं, घोट घेतला आणि तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, तीच चव! खटक्याच्या बुचांच्या बाटल्या भरल्या, फेस धरायला प्रत्येकीत चिमूटभर साखर, चिमूटच हं, आणि कोठीत अंधारात ठेवून दिल्या.

सुश्रुत आला. पडवीत टेबल मांडलं, बाटल्या ओळीने उभ्या केल्या, तो पायावर पाय टाकून हसतोय, मी पहिल्या बुचाला हात लावतोय न लावतोय तोच... फाट! काच माझ्या कपाळात, बूच त्याच्या दातावर, तिच्या धक्क्याने दुसरी, दुसरीने तिसरी, कौलं खाली, कुत्रं विहिरीमागे, सई टेबलाखाली, सुश्रुत तोंड धरून "आईगं", रक्त कुठलं नि बिअर कुठली कळेना, आणि आतून गोदूआत्या, माझी सख्खी आत्या, शांतपणे विचारते, "फुटल्या का रे? तरी मला वाटलंच, साखर कमी पडली असणार."

कसली साखर?

तर आत्याने काय करावं? आमच्याकडे अमृतकोकम असो, आवळ्याचं सरबत असो, टिकायला साखर आणि ऊन. मी बाटल्या भरल्या त्याच दुपारी तिने चाखून बघितलं. "कडू लागलं रे, तुला नाही जमलं म्हणून मूठ मूठ घातली. आणि तू कामावर गेलास की रोज उन्हात ठेवायचे."

मी तसा शांत माणूस, पण कोयता घेतलाच. आता आत्यावर उगारणार का? बापाची बहीण ती! म्हणून सुश्रुतच्या मागे लागलो. पोफळीतून पळवला, पाटातून पळवला, दोनदा आपटला, शेवटी विहिरीच्या काठाशी गाठून मानगूट धरली. तर तो तुटका दात हातात घेऊन ओठ चाटतोय आणि म्हणतो, "भावोजी... शप्पथ... हीच! हीच ती चव!"

कोयता गळून पडला हो माझ्या हातातून. म्हटलं, चल, सईसमोर बोल. पडवीत आणला. सई हळद घेऊन उभी. बघतो तर एक बाटली शाबूत नाही. सुश्रुतने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "कसली चव, ताई? मला मारायला बॉम्ब केला होता ह्यांनी."

आणि ती मानेने हो म्हणाली हो!

परवा शेजारचा गुणाजी आला. म्हणतो, "तुमचा तो धडाका झाला नं, त्या दिसापासून वाडीत वानर फिरकला न्हाय. मला पन चार बाटल्या हव्या."

मला भरून आलं. कोणीतरी मागितल्या! म्हटलं, गुणाजी, देतो, कडू कितपत करू?

"कडू काय पन करा," तो म्हणाला. "साखर तेवढी आत्यांच्या हातची घाला."