चालकाचा रकाना

सर्व्हेअर : बंपर येतो. डावा दिवा येतो. पुढच्या दाराला आलेला हा पोचाही येतो. मागच्या चाकावरचा ओरखडा मात्र विम्यात येत नाही.

मास्तर : का नाही येत? गाडी एकच आहे ना?

सर्व्हेअर : गाडी एकच, पण अपघात वेगळा. या ओरखड्यावर गंज चढलाय, मास्तर. परवाच्या धडकेला दोन दिवसांत गंज येत नाही.

काकू : तो गेल्या वर्षीचा आहे. कुंडीला घासली होती. मी यांना म्हटलं होतं, तो दाखवू नका, उगाच हसं होईल.

मास्तर : बरं, तो सोडा. फाटकाचा खांब तरी धरा. अर्धा खांब खाली आलाय.

सर्व्हेअर : खांब कुणाचा?

मास्तर : कुणाचा म्हणजे? घर माझं, फाटक माझं, खांबही माझाच.

सर्व्हेअर : मग नाही येत. शेजाऱ्याचा असता तर आला असता. आपल्याच गाडीने आपलंच पाडलं, तर ती भरपाई मिळत नाही.

काकू : घ्या! म्हणजे धडकायचंच होतं तर चार पावलं पुढे जाऊन शेजाऱ्यांना धडकायला हवं होतं.

मास्तर : तू आत जा. चहाचं बघ.

काकू : चहा केव्हाच झालाय. झाकून ठेवलाय. मला इथेच बरं वाटतंय.

सर्व्हेअर : आता फॉर्म भरू. फोनवर तुम्ही गाडी खांबाला धडकली एवढंच कळवलंत. चालकाचा रकाना कोरा आहे. गाडी कोण चालवत होतं?

मास्तर : हा काय प्रश्न झाला? मी. चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. क्लच कशाशी खातात हे अर्ध्या गावाला मी शिकवलं. तुम्हालाही मीच शिकवलं.

सर्व्हेअर : मलाही. कंपनीला मी ते आधीच कळवलंय, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. लायसन्स बघू.

मास्तर : हे घ्या.

सर्व्हेअर : मास्तर, याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली.

मास्तर : मुदत संपली म्हणून काय हात गाडी चालवायची विसरले?

सर्व्हेअर : हातांचं मला विचारायचंच नाही. पॉलिसीची अट आहे. अपघाताच्या दिवशी चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं. तुम्ही चालवत होतात असं लिहिलं, तर बंपरही गेला आणि दिवाही गेला. सगळा खर्च तुमच्या खिशातून.

मास्तर : असं कसं? वर्षानुवर्षं हप्ता भरतोय मी. एकदाही चुकवला नाही.

सर्व्हेअर : हप्ता भरलात म्हणून पॉलिसी जिवंत आहे. अट वेगळी.

मास्तर : मग काय लिहायचं म्हणता?

सर्व्हेअर : ते मी सांगायचं नसतं. जे झालं ते लिहायचं.

मास्तर : जे झालं तेच सांगतोय.

काकू : अहो...

मास्तर : तू मध्ये बोलू नकोस.

सर्व्हेअर : ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली आहे. मी बसून पाहिलं, माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले. तुम्ही माझ्यापेक्षा वीतभर उंच. शिवाय सीटवर उशी आहे.

मास्तर : उशी कंबरेसाठी असते.

काकू : कंबर यांची आणि उशी माझी!

सर्व्हेअर : मागच्या सीटवर डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल आहे. परवाची तारीख. थेंब घातले असं वरच लिहिलंय.

मास्तर : माझी फाइल उघडायला तुम्हाला कुणी सांगितलं?

सर्व्हेअर : उघडली नाही. कागद बाहेरूनच अडकवलाय. माझ्या वडिलांनाही ते थेंब घालतात. घातल्यावर दुपारपर्यंत त्यांना घरातला दरवाजासुद्धा धड दिसत नाही.

काकू : झालं? झाकली मूठ किती वेळ झाकायची? मी चालवत होते, भाऊ. दवाखान्यातून येत होतो. हे घ्या माझं लायसन्स. मुदत बघा, अजून बरीच आहे.

सर्व्हेअर : आहे.

मास्तर : कळलं मोठं लायसन्स! पॉलिसीवर तुझं नाव आहे का कुठे? पॉलिसी माझ्या नावावर. म्हणून तर मी माझं नाव सांगत होतो. बायकोच्या हातून झालं म्हटलं की विमा गेला.

सर्व्हेअर : असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मास्तर : सांगायला कशाला हवं? ज्याच्या नावावर, त्यालाच मिळणार. साधी गोष्ट आहे.

सर्व्हेअर : भरपाई मालकालाच मिळते, ते बरोबर. पण विमा गाडीचा असतो. तुमच्या परवानगीने, चालू लायसन्स असलेल्या कुणीही चालवली तरी चालतं. काकूंनी, मुलाने, शेजाऱ्याने. दुसऱ्या पानावर लिहिलंय. वाचलं नाहीत?

मास्तर : पाहिलं होतं.

काकू : पाहिलं होतं, वाचलं नव्हतं. पहिल्या पानावरची मोठी अक्षरं तेवढी वाचली. दुसऱ्या पानावर मुंग्या. मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, गाडीतलं तू मला शिकवणार?

सर्व्हेअर : म्हणजे काकूंचं नाव लपवल्यानेच भरपाई बुडाली असती. लिहू काकूंचं नाव?

मास्तर : थांबा.

सर्व्हेअर : थांबतो.

मास्तर : हा कागद गॅरेजात जाणार. तिथला मिस्त्री माझ्या हाताखाली शिकलेला. संध्याकाळपर्यंत चौकात होणार, मास्तरची गाडी बायको चालवते. मास्तरला दिसेनासं झालं. लायसन्स नवं करायला गेलो नाही ते याच भीतीने. डॉक्टर दाखला देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंडावर नाही ऐकण्यापेक्षा गेलोच नाही.

काकू : अहो, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? चार महिने मी तुम्हाला घेऊन हिंडतेय. अख्खं गाव बघतंय. मिस्त्री मला परवाच विचारत होता, मास्तरांचे डोळे कसे आहेत म्हणून.

मास्तर : मला तर कुणी बोललं नाही.

काकू : तुम्हाला बोलायची कुणाची छाती आहे? त्यांना वाईट वाटतं तुमच्यासाठी. मलाही वाटतं. पण तुम्ही बोलूच देत नाही, मग मी आपली गिअर बदलत बसते.

सर्व्हेअर : अपघात कसा झाला, तेही लिहावं लागेल.

काकू : फाटकातून आत घेताना अंदाज चुकला. मीच चुकले. लिहून टाका.

सर्व्हेअर : तसं दिसत नाही. टायरची खूण सरळ आलीय. गाडी बरोबर मधोमध होती आणि अगदी शेवटी डावीकडे ओढली गेली. अंदाज चुकलेला माणूस असं वळत नाही.

काकू : म्हटलं ना, चुकले. माणूस कसाही चुकतो.

(मास्तर खिशातून चष्मा काढतात, सदऱ्याला पुसतात आणि न लावताच परत खिशात ठेवतात.)

मास्तर : ती चुकली नाही. स्टिअरिंगला हात मी घातला.

काकू : अहो, कशाला!

मास्तर : बोलू दे. मला फाटकात कुणीतरी उभं दिसलं. शेजारच्या सीटवर बसलो की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. स्कूलच्या गाडीला डावीकडेही ब्रेक असायचा, शिकवणाऱ्यासाठी. इथे पाय नुसताच खाली आपटला. मग हात गेला. जोरात ओढलं.

सर्व्हेअर : कोण होतं फाटकात?

मास्तर : कुणी नव्हतं. झाडाची सावली होती.

काकू : एवढं सांगायची काय गरज होती? माझ्या नावावर खपलं असतं की.

मास्तर : म्हणूनच सांगितलं. चाळीस वर्षांत माझी चूक मी एकाही विद्यार्थ्याच्या माथी मारली नाही. आणि तू नीट आणली होतीस गाडी. फाटकात कशी घ्यावी तशीच घेत होतीस.

काकू : काय म्हणालात?

मास्तर : ऐकलंस ते. पुन्हा म्हणणार नाही. काय हो, मग हे येतं की गेलं?

सर्व्हेअर : चूक येते. मुद्दाम केलेलं येत नाही. पाहिलं आणि ऐकलं ते मी लिहितो, निर्णय कंपनीचा. पण चालक काकू, लायसन्स चालू, परवानगी तुमची. अडायला नको.

मास्तर : खांब?

सर्व्हेअर : खांब नाहीच, मास्तर.

मास्तर : बरं. लिहा हिचं नाव.

सर्व्हेअर : लिहिलं. आता मालकाची सही.

मास्तर : इथे?

काकू : अजून खाली. थोडं उजवीकडे. हं, तिथे. घाई करू नका.

मास्तर : आली का रेघेवर?

काकू : जरा वर गेलीय. चालेल ना हो, भाऊ?

सर्व्हेअर : चालेल.

मास्तर : जाता जाता एक विचारतो. शेजारी बसणाऱ्याला काही झालं, तर ते या पॉलिसीत येतं का?

सर्व्हेअर : आपल्याच गाडीचा अपघात असेल, तर नाही. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी आहे, पण तेही लायसन्स चालू असेल तरच. शेजारच्यासाठी वेगळा विमा जोडावा लागतो. तुम्ही जोडलेला नाही.

काकू : मी गेल्या खेपेला म्हटलं होतं, जोडून घेऊ. थोडक्या पैशांत होत होतं. हे म्हणाले, शेजारी बसणार कोण, तू एकटी.

सर्व्हेअर : पुढच्या महिन्यात पॉलिसी नवी करायची आहे. तेव्हा जोडता येईल.

मास्तर : जोडा. आता तिथे मीच बसणार आहे.