अंगठ्याची शाई

सरूबाई : अवो, पर अंगठ्यालाच कशी सांडली? शाई सांडली तर बोटं भरतात, धोतर भरतं. हा तर निस्ता अंगठाच जांभळा.

पुंजाराम : दौत लवंडली, सांगितलं ना.

सरूबाई : शाळेतली दौत बरी नेमकी लवंडली! चतुरे, तू व्हतीस ना आबांच्या संगं? हेडमास्तर काय म्हनले? मॅट्रिक झाली की कॉलेजात घालायचं का नाय?

चतुरा : घाला म्हणाले. कॉलेजच्या नावानं चिठ्ठी दिली. उद्या आबांना घेऊन प्रिन्सिपॉलांना भेटायचं. अर्जाला उद्याचाच दिवस आहे.

सरूबाई : मग तोंड का पाडलंय बापलेकीनं? थांबा, लिंबू आणते. चोळलं की जाईल.

पुंजाराम : लिंबानं जात नाही ती. आपोआप झिजते.

सरूबाई : तुम्हाला लई ठाऊक.

पुंजाराम : ठाऊक नसायला काय झालं? तहसिलीत जन्म गेला लोकांचे अंगठे घेण्यात.

सरूबाई : अंगठे... अवो, तुम्ही अंगठा लावला का काय?

पुंजाराम : सरू, चहा ठेव.

चतुरा : माय, मी सांगते.

पुंजाराम : काही सांगायचं नाही.

चतुरा : लावला, माय. माझ्यामुळं लावला.

सरूबाई : तुझ्यामुळं म्हंजी? यांच्या दस्तखतासाठी गावोगावचे पाटील पायरीवर बसून ऱ्हायचे. हे अंगठा लावतील?

चतुरा : हेडमास्तरांनी कॉलेजच्या माहितीचं पुस्तक आबांच्या हातात दिलं. मराठीत छापलेलं. म्हणाले, सायन्स की आर्ट्स, वाचून ठरवा. आबांनी ते मागून उघडलं.

सरूबाई : मागून?

पुंजाराम : उर्दूची किताब उघडतात तसं, उजवीकडून. हाताला सवय आहे. निजामाच्या शाळेत जे शिकलो ते शिकलो.

चतुरा : आणि उघडून बघतच राहिले. शेजारी बद्रीनाथ वकील भराभर पानं उलटत होते. शाळेचा कारकून फिस्सकन हसला. ‘काका, पुस्तक उलटं आहे’ म्हणाला. मग वकिलांची मुलगी पण हसली. माझ्याच वर्गात आहे ती. मी पुस्तक ओढून घेतलं आणि म्हणाले, आमच्या आबांना लिहितावाचता येत नाही.

सरूबाई : अगं, जीभ कशी नाय झडली तुझी!

चतुरा : तसं म्हटल्यावर सगळे गप्प झाले. अडाणी बापाला कुणी हसत नाही, माय. कारकुनानं उठून आबांना खुर्ची दिली.

पुंजाराम : खुर्ची दिली, हे खरं. त्याआधी उभाच होतो.

चतुरा : आणि चिठ्ठीवर पालकाच्या सहीच्या जागी अंगठा घ्यायला शाईचं पॅड पुढं सरकवलं.

सरूबाई : अन् तुम्हाला बोलता येत नव्हतं व्हय?

पुंजाराम : काय बोलायचं? पोरगी खोटं बोलती म्हणून? तिच्याच हेडमास्तरापुढं? पॅड समोर आलं, मी डावा अंगठा पुढं केला. कारकून म्हणाला, काका वाकबगार आहेत, डावा लागतो हे बरोबर ठाऊक आहे.

चतुरा : मी उद्या आधी शाळेत जाते. खरं सांगते. आबा फारसीसुद्धा वाचतात, तहसिलीतल्या जुन्या मिसली, जुनी कागदपत्रं वाचायला अजून त्यांनाच बोलावतात...

पुंजाराम : अन् पुढं काय सांगशील? बाप शिकलेला आहे, पण पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजाम गेला तसं त्याचं उर्दू शिक्षण चालत नाही, असं? तू पुरतं खोटं नाही बोललीस. तो मराठी पेपर मी रोज घेऊन बसतो ना, त्यातली मोठी अक्षरं तेवढी लागतात. बाकी नुसता धरून बसतो.

चतुरा : मला माहीत आहे, आबा.

पुंजाराम : कसं काय?

चतुरा : किताब वाचताना तुम्ही मधूनच हसता. पेपर वाचताना कधी हसत नाही.

(सरूबाई लिंबू खाली ठेवते.)

पुंजाराम : शिकायला पाहिजे होतं तेव्हाच. तहसिलीत पोराच्या वयाचा कारकून मराठी शिकवायचा, त्याच्यापुढं पाटी धरायची शरम वाटली.

चतुरा : उद्या कॉलेजात सही करा. उर्दूत करा. मी सगळ्यांसमोर म्हणेन, ही माझ्या आबांची सही.

पुंजाराम : तसं होत नाही, बेटा. हेडमास्तरांच्या चिठ्ठीवर अंगठा लागलाय. उद्या अर्जावर दस्तखत केलं तर प्रिन्सिपॉल विचारतील, हा माणूस तोच का? अशा मिसली मीच परत केल्यात. एका जागी अंगठा, एका जागी दस्तखत. कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. तुझा अर्ज अडायला नको.

सरूबाई : मग आता जन्मभर अंगठाच?

पुंजाराम : कॉलेजापुरता.

चतुरा : मी नाही जात कॉलेजात.

पुंजाराम : अन् लावलेला अंगठा वाया घालवतेस व्हय? आण ते पुस्तक. बस इथं. सायन्सला काय काय शिकवतात, वाच.

चतुरा : पदार्थविज्ञान... रसायनशास्त्र...

पुंजाराम : सावकाश. बोट ठेवून वाच, मला पण दिसू दे.

चतुरा : इकडून, आबा. डावीकडून.

पुंजाराम : व्हय, व्हय. डावीकडून... अन् चतुरे, उद्या एक जुनं फडकं घे बरोबर. आज पुसायला काही नव्हतं. घरापर्यंत मूठ मिटूनच आलो.