उपाशीपोटी ओव्हरटाइम

नाही, पण तुम्हीच सांगा, माणूस उपाशी राहिला म्हणून त्याला कोणी फितूर म्हणतं का? चोरून जेवला म्हणून म्हटलं तर समजू शकतो… मी उपाशी होतो हो! तरी आमच्या सातपूरच्या अख्ख्या कारखान्यात बोभाटा, धोंडीरामला मालकाने फोडला. त्र्याऐंशी सालचं सांगतोय. कामावरून काढलेल्या लोकांना परत घ्या म्हणून गेटसमोर आमरण उपोषण ठरलं, आणि बसायचं कोणी, तर युनियनचे पुढारी खंडेराव सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "धोंडीराम बसेल, त्याची तब्येत बघा." आता तब्येत बघूनच निवडायचं तर बैल बसवा ना… पण ते जाऊ दे. उपाशी राहायला माझी ना नव्हती.

माझ्या जोडीला उपोषणाला बसला हनीफ. मूळचा मालेगावचा, माझ्याच खात्यातला, दरवर्षी महिनाभर रोजे धरणारा. मला समजावतो, "धोंडीभाई, पहिले दो दिन पेट चिल्लाता, फिर चुप हो जाता." पहिला दिवस गेला, दुसऱ्या दिवशी माझं पोट जे ओरडायला लागलं ते गप्प होईचना, मी सतरंजीवर गडाबडा लोळतोय, घोषणा चालल्यात, लोकांना वाटतंय गडी जोशात आला! पुढे हातापायांतलं बळच गेलं. कुठलेसे डॉक्टर आणले, त्यांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, पोट मऊ आहे, ताप नाही, नाटक आहे. झालं! मला उचलून दवाखान्यात नेलं आणि मागे कुजबुज सुरू.

तुम्हाला सांगतो, कळ सोसवते, कुजबुज नाही सोसवत. माझी बायको चांगुणा नळावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. ती मला काही म्हणाली नाही, नुसती कॉटशेजारी बसून राहायची. तेच मला फार लागलं. अहो, उपाशी राहायला माझी ना नव्हती, हे निदान तिला तरी कळायला नको?

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या लघवीची बाटली खिडकीत उन्हात राहिली होती, दुपारी बघतात तर आतलं सगळं काळपट लाल. लगेच विचारलं, ह्यांना उपाशी कोणी ठेवलं? आणि ग्लुकोज लावलं. हळूहळू कळ उतरली, तेव्हा कॉटवर टेकून त्यांनी मला समजावलं. म्हणाल्या, रक्ताला जो लाल रंग असतो ना, त्यातला हीम नावाचा माल लिव्हरलाही स्वतःच्या कामासाठी लागतो, तो तिथेच बनतो, आठ मशीनची लाइन समजा. पहिलं मशीन म्हणजे एक एन्झाइम, सगळ्या लाइनीचा वेग त्याच्या हातात. तुमचं तिसरं मशीन जन्मापासून निम्म्या दमाचं. एरवी भागतं, पण पोट रिकामं राहिलं की पहिलं पिसाटासारखं पळतं, तिसऱ्याला झेपत नाही, मधे अर्धाकच्चा माल तुंबतो आणि नसांना छळतो. साखर पोटात गेली की पहिलं शांत होतं.

मी विचारलं, "बाई, पण पहिल्यावर कोणी फोरमन नाही का?"

"आहे ना. तयार झालेलं हीमच त्याला सांगतं, बस कर आता. तुमच्याकडे ते कमी पडतं, मग सांगणार कोण?"

म्हणजे बघा, गेटवर मी काम बंद म्हणून ओरडतोय, सगळा कारखाना थंड, आणि माझ्याच पोटात एक जण डबल ओव्हरटाइम मारतोय! राग यायला हवा होता, पण खरं सांगू, मला त्याची कीव आली. उपाशी ठेवा, आणखी राबतो… बस म्हणणारं कोणी नाही. असे आमच्या खात्यात काय कमी होते?

खंडेराव दवाखान्यात बघायला आले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे मशीनबिशीन मी गेटवर कोणाकोणाला सांगू? तू असं कर, मांडवात येऊन बस. जेवायला बस. सगळ्यांच्या समोर. पळाला नाही एवढं तरी दिसेल."

गेलो. चांगुणाने शिरा आणला, तुपाचा वास मांडवभर, आणि शेजारी हनीफ, ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, अजून बसलेलाच. समोर तीच सगळी तोंडं, मला फितूर म्हणणारी. मी एक घास घेतला. उपाशी राहायला माझी ना नव्हती हो… पण हे? मी वाटी खाली ठेवली. चांगुणाने ती उचलून परत माझ्या हातात दिली.

तेव्हा हनीफ बोलला, आवाज अगदी बारीक, पण मांडव एवढा शांत की शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. "खा धोंडीभाई. हम भूखे बैठे, तू खाते बैठ. तेरावाला ज्यादा मुश्किल है."

मग मागून एकाने आरोळी ठोकली, "धोंडीराम, तुम आगे बढो!" आणि अख्खा मांडव, घसा फाडून, "हम तुम्हारे साथ हैं!"

आता मी काय करणार… डोळे पुसले, आणि पुढचा घास घेतला.