चौघांची चार उत्तरं

शुद्धलेखन चुकलं तर समजून घ्या. माझी शाळा आठवीतच सुटली, शब्दही साधेच येतात.

बडनेऱ्याच्या पार्सल गोदामात आम्ही चौघं, मी, शोभाकाकू, सुनीलभाऊ आणि मंगेश. एक माणूस कमी होणार, असं कानावर होतं. तेवढ्यात अकोल्याहून साहेब आले. म्हणाले, "तुमची समज एकमेकांशी किती जुळते, ते मोजायचं आहे. एकेकाला आत बोलावून एकच प्रश्न विचारीन. उत्तर सारखं आलं पाहिजे."

प्रश्न होता, सगळ्यात जास्त चुका कोण करतं?

चुका मीच करतो, हे सगळ्यांना माहीत. तरी खरं तेच सांगितलं, "मी."

चौघांचं झाल्यावर साहेब वैतागून बाहेर आले. "जो येतो तो म्हणतो, मीच! तुमचा ताळमेळ शून्य आहे!"

शोभाकाकू म्हणाल्या, "मंग साहेब, आता कोनाले काढता?"

साहेबांना हसू आलं. ते तसेच गाडीत बसले.

माझे डोळे भरून आले. सुनीलभाऊ खेकसले, "कावून रडून राह्यला बे? पेटी उचल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांसाठी दही-चटणी घातलेला गरम गिलावडा घेऊन गेलो. कशाबद्दल, हे कोणीच विचारलं नाही.