पाण्याच्या बाटलीतलं ॲसिड

सकाळी बरोबर सव्वानऊला मिस्त्री आले. गॅरेजच्या कोब्याला एपॉक्सीचा रंग मारायचा, तर आधी तो ॲसिडनं धुवावा लागतो. ॲसिड आणलं कशात, तर पाण्याच्या बाटलीत! आमचं रांगतं लेकरू दिसेल ते तोंडात घालतं.

"भाऊ, ही बाटली इथं चालणार नाही."

"लयच भेता तुमी, वहिनी. माझं ध्यान आहे ना!"

मी लेकराला कडेवर घेऊन दारातच उभी राहिले. कोबा घासता घासता मिस्त्रींना तहान लागली आन् त्यांनी नेमकी तीच बाटली तोंडाशी नेली.

"ठेवा खाली!" मी किंचाळले. "कुठं होतं ध्यान?"

"लेकराकडं होतं, वहिनी."

मिस्त्रींनी दुकानातून ॲसिडचा बंद कॅन आणेपर्यंत मी काम पुढं होऊ दिलं नाही. तुमच्या ओळखीत कोणाकडं असं काम निघालं, तर एवढं सांगा बाई, पाण्याच्या बाटलीतलं ॲसिड घरात घेऊ नका.